मागच्या आंगणातली सिगडी: निखारा समजला की सुट्टी सुट्टीसारखी जाते

डिसेंबरात थंडी पडली आणि नाताळ, थर्टी फर्स्ट नाहीतर सव्वीस जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आला की नागपुरात बऱ्याच घरी एकच प्लॅन निघतो, मागच्या आंगणात सिगडी पेटवायची, जाळीवर चिकन, पनीर, वांगी, कांदे टाकायचे आणि दिवसभर तिथंच खुर्च्या टाकून गोष्टी करत बसायचं. प्लॅन एकदम झक्कास. पण होतं काय, ज्याच्या हातात चिमटा असतो तो बिचारा सकाळपासून धुरात उभा राहून पुठ्ठ्यानं वारा घालून राहिलेला असतो, चिकन बाहेरून काळं ठिक्कर आणि हाडापाशी गुलाबी, पनीर जाळीला चिकटलेलं, पोट्टे भुकेनं कावलेले, आणि शेवटी उरलेलं सगळं किचनमधे नेऊन तव्यावर उरकलं जातं. मग मसाला बरोबर नव्हता, चिकनच बरोबर नव्हतं, अशी कारणं निघतात.

मसाल्याचा यात फारसा हात नसतो. बिघडते ती आच. आणि आच म्हणजे काय, ती कोळशातून पदार्थापर्यंत कशी पोचते, पदार्थाच्या आत गेल्यावर काय करते, एवढं समजलं तर सिगडीजवळ सतत उभं राहायची गरजच पडत नाही. पंधरा मिनिटं खुर्चीत बसता येतं, मग उठून एकदा पलटवायचं, परत बसायचं. हा निवांतपणा मिळवायसाठीच थोडं सायन्स समजून घेऊ, सोप्या भाषेत.

सुरुवात कोळशापासून, कारण अर्धी भानगड तिथंच होते.

लाकूड जाळलं की जी ज्वाला दिसते ती खरं तर लाकडाची नसतेच, लाकूड तापल्यावर त्यातून जे वायू निघतात ते जळत असतात. लाकडी कोळसा बनवताना नेमकं हेच आधी उरकून टाकलेलं असतं, म्हणजे लाकूड मातीच्या भट्टीत, हवा अगदी कमी ठेवून, कितीतरी तास तापवतात, त्यातलं पाणी आणि धूर देणारे बरेचसे पदार्थ उडून जातात आणि मागं उरतो मुख्यतः कार्बन. म्हणून चांगला कोळसा हलका असतो, एकमेकांवर आपटला की खणखण वाजतो, आणि पेटल्यावर त्याला मोठी ज्वाला नसते, तो आतून लाल होऊन धगधगत राहतो. आपल्याकडे बाभळीचा कोळसा मिळाला तर घ्यावा, लाकूड जड आणि घट्ट असल्यामुळे निखारा बराच वेळ टिकतो.

आता एक गोष्ट मला फार कळकळीनं सांगायची आहे आणि ती नागपूरच्या लोकांनाच जास्त लागू आहे. आपल्या आजूबाजूला कोळशाच्या खाणी आहेत, उमरेड, सावनेर, कामठीचा पट्टा, वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्य ऑफिसच आपल्या शहरात आहे, त्यामुळे दगडी कोळसा इथं कोणाला नवा नाही. पण तो जाळीवरच्या खाण्यासाठी अजिबात वापरायचा नाही. दगडी कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षं जमिनीत दबलेल्या झाडांचा खडक आहे, त्यात गंधक असतं, राखेत नको ते धातू असतात, आणि उघड्यावर जाळला की जो पिवळसर उग्र धूर निघतो तो सगळा चिकनवर जाऊन बसतो. दिसायला दोन्ही काळे, म्हणून ऐनवेळी कोणी "कोळसाच तं आहे" म्हणून उचलून आणला तर सरळ नाही म्हणा. उचलून बघितला की लगेच कळतं, दगडी कोळसा वजनाला भारी आणि चमकदार असतो, लाकडी कोळशात लाकडाच्या रेषा दिसतात.

पेटवताना रॉकेल, पेट्रोल, थिनर असलं काहीही नको. वास तर लागतोच, पण त्याहून वाईट म्हणजे अर्धवट विझल्यासारख्या वाटणाऱ्या कोळशावर वरून ओतलं की भडका हातापर्यंत येतो. गोवरीचा एक तुकडा, त्यावर कापराच्या दोनचार वड्या, वर नारळाच्या करवंट्या आणि मग कोळसा, एवढ्यात काम होतं. आणखी सोपं पाहिजे असेल तर दोन्हीकडून उघडा असा लोखंडी डबा घ्यायचा, खालच्या कडेला हवेसाठी भोकं पाडायची, डबा सिगडीतच उभा ठेवायचा, बुडाशी गोवरी पेटवायची आणि वर कोळसा भरायचा. गरम हवा हलकी होऊन वर जाते, तिची जागा घ्यायला खालच्या भोकांतून ताजी हवा आत ओढली जाते, ती कोळशाला आणखी पेटवते, आणि पुठ्ठ्यानं वारा घालायचं काम डबा स्वतःच करतो. अर्ध्या तासात वरपर्यंतचा कोळसा पेटतो, मग जाड हातमोजे घालून किंवा लांब सांडशीनं डबा सरळ वर उचलायचा, निखारे खालून सिगडीतच पडतात.

आणि हा अर्धा-पाऊण तास थांबायचं. इथंच सगळ्यांचा धीर सुटतो.

कोळसा पेटायला लागला की आधी तो कडेनं लाल होतो, त्यातले उरलेसुरले वायू जळतात म्हणून निळ्या-पिवळ्या ज्वाला दिसतात, थोडा धूर येतो, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी म्हणतं, पेटलं ना आता, टाका. नाही टाकायचं. त्या वेळी अर्धा कोळसा काळाच आहे, आच एका जागी जास्त आणि दुसऱ्या जागी काहीच नाही, आणि धुरात कडवट काजळी आहे. थांबलं की ज्वाला बसतात, धूर जवळजवळ थांबतो आणि प्रत्येक तुकड्यावर करड्या-पांढऱ्या राखेचा पातळ थर चढतो. दुपारच्या उन्हात निखाऱ्याचा लाल रंग नीट दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं की विझला, पण राखेच्या आत तो ७०० डिग्रीच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापलेला असतो. आता तो एकसारखी आच देणार, बराच वेळ देणार. आमचा भाचा दर दहा मिनिटांनी येऊन विचारतो, "मामी, अजून किती टाइम लागून राहिला?" त्याच्या हातात वांगी आणि कांदे धुवायला द्यायचे, वेळ बरोबर जातो.

आता निखाऱ्यातून आच चिकनपर्यंत पोचते कशी? आपल्याला वाटतं गरम हवेनं. थोडी हवेनं पोचते, थोडी तापलेल्या लोखंडी जाळीच्या स्पर्शानं, जिथं ते काळे पट्टे उमटतात, पण उघड्या सिगडीवर सगळ्यात मोठा वाटा किरणांचा असतो. हिवाळ्यात शेकोटीपुढं बसलं की चेहरा तापतो आणि पाठ गारच राहते, तो हाच प्रकार, निखाऱ्याची उष्णता उन्हासारखी सरळ रेषेत येते आणि जिथं पडते तिथंच तापवते. त्यामुळे चिकनची निखाऱ्याकडची बाजू धडाधड भाजते आणि वरची बाजू थंडच असते. पलटवत राहायचं ते यासाठी. एकदाच पलटवायचं असा एक नियम लोक सांगतात, मला तो पटत नाही, उघड्या सिगडीवर वरचेवर पलटवलेला तुकडा दोन्हीकडून जास्त सारखा शिजतो आणि जळतही कमी.

आच किती आहे हे मोजायला तळहात पुरतो. जाळीच्या वर साधारण वीतभर उंचीवर तळहात धरायचा. दोन-तीन सेकंदांत हात काढावा लागला तर आच तेज, पाच-सहा सेकंद धरवला तर मध्यम, आठ-दहा सेकंद तर मंद. लहान पोट्ट्यांना हे करू देऊ नका.

आच कमी-जास्त करायला बरेच लोक जाळीच वरखाली करतात, दोन विटा वाढव, एक काढ. त्यानं फरक पडतो, पण वाटतो तेवढा नाही. निखाऱ्यांचा पसारा जाळीएवढा रुंद असेल तर चार बोटं वर उचललं तरी चारी बाजूंचे निखारे चिकनला "दिसत"च राहतात, त्यामुळे किरणं थोडीच कमी होतात. त्यापेक्षा निखारेच सरकवा. माझ्या मते जाळीवर भाजायच्या सगळ्या कलेत ही एक गोष्ट सगळ्यात कामाची आहे. सिगडीच्या एका अर्ध्या भागात सगळे निखारे लोटायचे आणि दुसरा अर्धा भाग रिकामा ठेवायचा. झाल्या दोन जागा, एक तेज आणि एक मंद. तेज जागेवर रंग आणायचा, मंद जागेवर आतून शिजू द्यायचं. चरबी टपकून भडका उडाला तर पाणी शिंपडत बसायचं नाही, पाण्यानं राख उडून खाण्यावर बसते, तुकडा फक्त मंद बाजूला सरकवायचा, भडका आपोआप बसतो. हे जमलं की खुर्चीत बसून शेंगा सोलता येतात, संत्री खाता येतात, कोणाला घाई नाही.

सिगडीवर झाकण ठेवलं की खेळ बदलतो. मग किरणांसोबत आत कोंडलेली गरम हवा पण फिरते आणि सगळीकडून शिजवते, म्हणजे ओव्हनच तयार होतो. अमेरिकेत जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस धातूच्या कारखान्यात काम करायचा, तिथं पाण्यावर तरंगून बोटींना खूण दाखवणारे गोल बोये बनायचे, त्यानं १९५२ मधे असाच एक गोळा अर्धा कापून खाली पाय आणि वर झाकण लावलं, आणि तीच गोल झाकणाची सिगडी आज जगभर विकली जाते. तसली घ्यायची ऐपत किंवा इच्छा नसेल तर आपलं साधं लोखंडी घमेलं पालथं घाला, काम तेच होतं. फक्त घमेलं असो की जाळी, जस्ताचा चकचकीत मुलामा असलेली नको, तो मुलामा जास्त तापला की त्याची वाफ घातक असते. खिडकीला लावायची जाळी तर या कामाला मुळीच घेऊ नये, लोक घेतात म्हणून सांगते.

आणि हवा म्हणजे आपल्या गॅसचा नॉब समजा. खालची भोकं उघडी तर निखारा भडकतो, अर्धी झाकली तर मंदावतो.

आता पदार्थाच्या आत जाऊ. भाजलेल्या चिकनचा तो तपकिरी रंग आणि तोंडाला पाणी आणणारा वास कुठून येतो? प्रोटीनमधली अमिनो आम्लं आणि साखरेचे काही प्रकार उष्णतेत एकमेकांशी जुळतात आणि त्यातून शेकडो नवे वास आणि चवी तयार होतात. लुई कामिल मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ मधे ही क्रिया मांडली म्हणून तिला मायार रिअॅक्शन म्हणतात. पोळीवरचे तपकिरी ठिपके, भाजलेलं खोबरं, कॉफी, सगळीकडे तीच आहे. ती जोरात चालायला साधारण १४० डिग्रीच्या वर तापमान लागतं. आणि इथं पाणी आडवं येतं. जोपर्यंत चिकनच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोपर्यंत तिथलं तापमान १०० डिग्रीच्या वर जातच नाही, सगळी आच पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. म्हणून मॅरिनेशनमधून थेट निथळता तुकडा जाळीवर टाकला की तो भाजत नाही, उकडतो, पांढरा पडतो, जाळीला चिकटतो, आणि मग रंग येईपर्यंत ठेवला की आतून चोथा होतो. उपाय अगदी साधा आहे, तुकडा बाहेर काढून जास्तीचा मसाला झटकायचा, थोडा वेळ ताटात निथळू द्यायचा, तेलाचा हात फिरवायचा आणि मग टाकायचा. जाळी आधी चांगली तापवून कांद्याच्या फोडीनं तेल चोळून घेतली की चिकटायचं बरंच कमी होतं.

मॅरिनेशनबद्दल पण एक समज आहे की रात्रभर ठेवलं की मसाला हाडापर्यंत मुरतो. नाही मुरत. हळद, तिखट, आलं-लसूण यांतलं बहुतेक सगळं वरच्या काही मिलिमीटरमधेच राहतं. आत जातं ते मीठ, आणि तेही हळूहळू. मिठानं मांसातल्या प्रोटीनची रचना थोडी सैल होते, ते पाणी धरून ठेवतं, म्हणून मीठ आधी लावलेलं चिकन भाजल्यावरही रसदार राहतं. म्हणून माझी पद्धत अशी की चीर दिलेल्या तुकड्यांना आदल्या रात्री फक्त मीठ, आलं-लसूण आणि दही लावून फ्रिजमधे ठेवायचं, बाकीचा मसाला सकाळी. दह्याचं आम्ल सौम्य असतं म्हणून ते रात्रभर चालतं, पण लिंबाचा किंवा संत्र्याचा रस रात्रभर ठेवला तर वरचा थर पिठूळ होतो, तासभर पुरे. आणि संत्र्याच्या रसात साखर असते, गूळ-मधाचं पण तसंच, ती तेज आचेवर लवकर करपून कडू होते, म्हणून गोड काहीही शेवटच्या पाच मिनिटांत ब्रशनं लावायचं, तेही मंद बाजूला.

सावजी मसाल्याचं चिकन जाळीवर करायचं म्हणाल तर जरा सांभाळून. तो मसाला आधीच भाजून वाटलेला असतो, परत उघड्या निखाऱ्यावर पडला की पटकन जळतो. तेलात कालवून पातळ हात फिरवायचा आणि तुकडा जास्तीत जास्त मंद बाजूला ठेवायचा, किंवा साधं भाजून वरून तर्री घ्यायची, मला दुसरंच आवडतं.

आता एक तंगडी जाळीवर ठेवून शेवटपर्यंत बघू. दोन्ही बाजूंनी हाडापर्यंत तिरप्या चिरा दिलेल्या, मीठ-दही मुरलेलं, वरून निथळलेली. आधी ती मंद बाजूला ठेवायची, जाड भाग निखाऱ्याच्या दिशेनं आणि बारीक टोक लांब, वर घमेलं. दहा मिनिटांनी उघडलं की कातडीवर तेलाचे बारीक बुडबुडे दिसतात, चिरा रुंदावलेल्या असतात आणि आतलं मांस अर्धपारदर्शकचं पांढरं व्हायला लागलेलं असतं. पलटवायची, परत झाकण. अजून दहा-बारा मिनिटांत हाडाच्या टोकाकडून मांस वर सरकतं आणि टोक उघडं पडतं. आता झाकण काढून तेज बाजूला घ्यायची आणि दर अर्ध्या मिनिटाला फिरवायची, चरबी टपकते, चुर्रर आवाज येतो, कातडी आकसून कडक होते, चिरांच्या कडा आधी तपकिरी आणि मग टोकाला जरा काळ्या. तीन-चार मिनिटांत काम झालं. लोक नेमकं उलटं करतात, आधी तेज आचेवर काळं करून घेतात आणि मग आत शिजायची वाट बघतात. जाड आणि हाडाच्या तुकड्याला आधी मंद आणि शेवटी तेज हाच क्रम बरोबर बसतो, बोनलेस लहान तुकडे मात्र सरळ तेज बाजूला, पाच-सात मिनिटांत उरकतात.

शिजलं की नाही हे रंगावरून नक्की कळत नाही. कोवळ्या कोंबडीत हाडाजवळ पूर्ण शिजल्यावरही लालसर दिसू शकतं, आणि कधी रस स्वच्छ दिसूनही आत कच्चं असतं. चिकनमधे साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात आणि ते मरायला सगळ्यात जाड भागाच्या मधे ७४ डिग्री यायला पाहिजे. त्यासाठी टोचायचा थर्मामीटर मिळतो, फार महाग नाही, माझं स्पष्ट मत आहे की महागडी सिगडी घेण्याआधी हा घ्यावा. सुई हाडाला लावायची नाही. छातीचा तुकडा ७४ ला उतरवला की रसदार राहतो, तंगडी मात्र ८० च्या थोडी वर नेली तर जास्त छान लागते, कारण पायात चिवट धागे जास्त असतात आणि ते जास्त तापमानात विरघळून मऊ होतात. उतरवल्यावर पाच मिनिटं तशीच ठेवायची, लगेच फोडली की रस ताटात वाहून जातो.

भाज्यांकडे वळू, कारण आपल्याकडे जाळीची खरी मजा तिथंच आहे आणि घरात चारजण तरी शाकाहारी असतातच. भरताचं वांगं निखाऱ्यावर का एवढं वेगळं लागतं? वांग्याच्या गरात स्पंजसारखी हवा भरलेली असते आणि पाणी पुष्कळ. साल बाहेरून जळून कोरडी होते आणि आत वाफ कोंडते, गर त्याच्याच वाफेत शिजतो, भिंती कोसळतात आणि वांगं आपोआप बसतं. सालीचा जळका वास आतपर्यंत जातो. दोन-तीन ठिकाणी काट्यानं टोचून ठेवायचं, नाहीतर वाफ कोंडून फुटू शकतं. वांग्याला मंद बाजूची गरज नाही, सरळ निखाऱ्यावर टाकलं तरी चालतं. सोबत भिवापुरी हिरवी मिरची, लसणाचा अख्खा गड्डा आणि पातीचा कांदा भाजून घ्यायचा, वरून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. पनीर आचेवर वितळत नाही कारण ते आम्लानं फाडलेलं असतं, त्यातलं प्रोटीन चीजसारखं वाहत नाही, पण जास्त वेळ ठेवलं की पाणी निघून रबर होतं, म्हणून तेज आच, दोन मिनिटं एक बाजू, दोन मिनिटं दुसरी, संपलं.

आणि विदर्भात जाळीशिवाय निखाऱ्यावर शिजवायची आपली पद्धत तर आहेच, रोडगे आणि पानगे. पानगे पळसाच्या पानांत आणि रोडगे सरळ गोवऱ्यांच्या आरात. गोवरीचा निखारा कोळशापेक्षा मंद आणि त्याला राख भरपूर, आणि ही राखच इथं काम करते, ती उष्णता हळूहळू जाऊ देते, त्यामुळे कणकेचा जाड गोळा बाहेरून न जळता तासाभरात मधोमध शिजतो. तोच गोळा उघड्या लाल निखाऱ्यावर ठेवून बघा, बाहेर कोळसा आणि आत कच्ची कणीक. आधी ज्वाला बसू द्यायची, मग ठेवायचं, हे आपल्या आज्यांना शंभर टक्के माहीत होतं. सुट्टीच्या दिवशी चिकन संपलं की उरलेल्या आरात गोवऱ्या वाढवून संध्याकाळसाठी रोडगे लावून ठेवा, वांग्याची भाजी आणि वरणासोबत, वरून तुपाची धार.

धुराबद्दल थोडं गंभीर. भाजलेल्या मांसाचा तो खास वास बराचसा चरबी निखाऱ्यावर पडून जळाल्यानं येतो, आणि त्याच जळण्यात बेन्झोपायरीनसारखी शरीराला वाईट रसायनं पण तयार होतात, ती धुराबरोबर वर येऊन मांसावर बसतात. मांस खूप काळं केलं की त्यात आणखी वेगळी रसायनं बनतात. घाबरून जाळी फेकायची गरज नाही, पण चरबी कापून कमी करणं, भडक्यातून तुकडा बाजूला घेणं, काळा झालेला भाग काढून टाकणं एवढं करावं. दही-मसाल्याच्या मॅरिनेशननंही यातला काही भाग कमी होतो.

याहून तातडीचा धोका संध्याकाळी असतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो, सगळे आत जातात, आणि कोणीतरी म्हणतं की निखारे छान आहेत, सिगडी खोलीत आणून ठेवू, ऊब येईल. कधीच आणू नका. राखेखाली धुमसणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो, त्याला रंग नाही, वास नाही, धूर दिसत नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो. खिडकी थोडी उघडी आहे म्हणून चालेल असं नाही. बाल्कनी काचेनं बंद केलेली असेल तर ती पण खोलीच समजा. आईबाबांना, भाडेकरूंना, चौकीदाराला, सगळ्यांना हे सांगून ठेवा.

खाणं उघड्यावर किती वेळ ठेवायचं, तर ५ ते ६० डिग्रीच्या मधे जंतू वेगानं वाढतात. अमेरिकेच्या शेती खात्याचा नियम आहे की शिजलेलं किंवा कच्चं मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि हवा ३२ डिग्रीच्या वर असेल तर एकच तास. म्हणजे हिवाळ्यात आपल्याला दोन तासांची सवड आहे, आणि मार्चनंतर असा बेत केला तर एकच तास, मे महिन्यात ४५ डिग्रीत तर उन्हात ठेवलेलं ताट लवकरच आत न्यायला पाहिजे. कच्च्या चिकनचं ताट आणि चिमटा वेगळा, शिजलेल्याचा वेगळा. मॅरिनेशनचं उरलेलं दही वरून लावायचं असेल तर ते आधी उकळून घ्यायचं.

आणि शेवटी आवरणं. विझला असं वाटणारा निखारा राखेखाली दुसऱ्या दिवसापर्यंत गरम राहू शकतो, त्यामुळे रात्रीच कचऱ्याच्या प्लास्टिक डब्यात किंवा वाळलेल्या पाल्यावर ओतायचा नाही. घमेलं घट्ट पालथं घालून हवा बंद करायची, कोळसा विझतो आणि उरलेले तुकडे पुढच्या वेळी वापरता येतात, एकदा जळलेला कोळसा पेटायलाही सोपा जातो. गार राख भांडी घासायला उत्तम. झाडांना घालताना मात्र जरा विचार करा, लाकडाची राख अल्कधर्मी असते आणि आपली काळी माती आधीच तशी, त्यात संत्रा-लिंबाच्या झाडांना अशा मातीत लोह घेणं जड जातं आणि पानं पिवळी पडतात, म्हणून त्यांच्या आळ्यात राख ओतू नका, कंपोस्टच्या ढिगात मूठमूठ मिसळली तर चालते.